‘आमच्याकडे कुणीच भेदभाव करत नाही’, मग प्रश्नावलीत लिहायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुपवाड एमआयडीसीत कास्टिंगचा कारखाना, माल अमेरिकेला जातो. तिकडच्या ग्राहकाने सप्लायरसाठी प्रश्नावली पाठवली आहे आणि तिच्यात लागोपाठ दोन प्रश्न आहेत, एक वांशिक पूर्वग्रहाबद्दल आणि दुसरा व्यवस्थेतल्या वंशभेदाबद्दल. एचआर बघणाऱ्या ताई विचारतात, "दोन्ही एकच ना? आमच्याकडे कुणी कुणाला जातीवरून, रंगावरून बोलत नाही. तक्रारी शून्य. दोन्हीकडे ‘नाही’ लिहून टाकू का? आणि सांगलीत काळे-गोरे आहेतच कुठे?"

ताई, पहिल्या प्रश्नाला ‘तक्रार नाही’ हे उत्तर एकवेळ चालून जाईल. (शून्य तक्रारी म्हणजे सगळं आलबेल, असं मात्र समजू नका. तक्रारपेटी सुपरवायझरच्या केबिनला लागून टांगलेली असली की तक्रारी शून्यच असतात.) दुसऱ्याला ते उत्तर चालणार नाही, कारण तो प्रश्न तक्रारींबद्दल नाहीच. तुमच्या भरतीच्या, बढतीच्या आणि कामवाटपाच्या पद्धतीतून एखाद्या गटाची माणसं कायम मागे पडतात का आणि पडत असतील तर ते तुम्ही मोजता का, हे तिथे विचारलंय.

पूर्वग्रह माणसाच्या डोक्यात असतो. ‘त्या वस्तीतली पोरं टिकत नाहीत’, ‘हे लोक कष्टाला बरे, डोक्याच्या कामाला नाहीत’, आसाम-मणिपूरच्या पोराला ‘ए चायनीज’ म्हणून हाक मारणं, हे सगळं त्यात आलं. इथे बोलणारा माणूस ठाऊक असतो, दिवस सांगता येतो, साक्षीदार मिळतो. त्याला समज देता येते, कारवाई करता येते. व्यवस्थेतला भेद मात्र अर्जाच्या नमुन्यात, पात्रतेच्या अटीत, शिफ्टच्या वेळापत्रकात, ‘आमच्याकडे अशीच पद्धत आहे’ या वाक्यात असतो. तिथे बोट दाखवायला कुणी सापडत नाही, म्हणून तो नाहीच असं वाटतं.

दोन्ही वेगळे करायला मी एकच कसोटी लावतो. उद्या सगळ्या सुपरवायझरांच्या जागी माळकरी माणसं आणून बसवा, मनात काडीचाही दुजाभाव नसलेली. नियम तेच ठेवा. वर्षभराने मस्टरवरचं चित्र बदललेलं दिसलं, तर दुखणं माणसांत होतं. तसंच राहिलं, तर ते नियमात आहे. आपल्या बाजूचंच उदाहरण घ्या. बाबासाहेब 1900 साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. शाळकरी वयात तहान लागली तर नळाला हात लावायची त्यांना मुभा नव्हती, शिपायाने नळ सोडायचा आणि मग पाणी प्यायचं, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. शिपाई नसला की पाणी नाही. आता तो शिपाई कितीही प्रेमळ असो, तो सुट्टीवर गेला की पोरगा तहानलेलाच राहणार. त्या दिवशी कुणाच्याही मनात द्वेष उपजायची गरज नव्हती.

आता अमेरिका. तुमचा ग्राहक हा प्रश्न का विचारतो, ते एका खटल्यातून नीट कळतं, आणि तो खटला कारखान्याचाच असल्यामुळे तुम्हाला जवळचा वाटेल. नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक पॉवर कंपनीचं वीजनिर्मिती केंद्र होतं. पाच विभाग. काळ्या कामगारांना फक्त ‘लेबर’ विभागात घेत, आणि त्या विभागातला सगळ्यात जास्त पगार हा बाकीच्या चार विभागांतल्या सगळ्यात कमी पगाराहूनही कमी होता. इथवर उघड भेदभाव. 1964 चा नागरी हक्क कायदा 2 जुलै 1965 ला कारखान्यांना लागू झाला आणि कंपनीने ती बंदी उठवली. पण लेबरमधून वर जायला हायस्कूल पास असण्याची अट आली, आणि ते नसेल तर दोन लेखी चाचण्या, एक सामान्य बुद्धिमत्तेची आणि एक यंत्रांच्या समजेची.

अट सगळ्यांना सारखी. कागदावर कुठेही रंगाचा उल्लेख नाही. पण 1960 च्या जनगणनेप्रमाणे त्या राज्यात गोऱ्या पुरुषांपैकी 34 टक्के हायस्कूल पास होते आणि काळ्यांपैकी 12 टक्के, कारण शाळाच वेगळ्या आणि निकृष्ट होत्या. तशाच चाचण्यांचा दुसऱ्या एका प्रकरणातला निकाल न्यायालयासमोर आला: गोरे 58 टक्के पास, काळे 6 टक्के. आणि खरी गंमत पुढे आहे. ही अट येण्याआधी त्या चार विभागांत लागलेले, हायस्कूल न झालेले गोरे कामगार तिथे व्यवस्थित काम करत होते, त्यांना बढत्याही मिळत होत्या. म्हणजे अटीचा कामाशी संबंधच नव्हता.

कंपनीचा हेतू वाईट होता का? खालच्या न्यायालयाने ‘नाही’ म्हटलं. उलट कमी शिकलेल्या कामगारांना हायस्कूल पुरं करता यावं म्हणून फीचा दोन तृतीयांश वाटा कंपनी देत होती. 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की हेतू चांगला असून भागत नाही. अट कामासाठी खरोखर लागते हे दाखवता येत नसेल आणि तिच्यामुळे एक गट बाहेर पडत असेल, तर ती अट बेकायदा. ग्राहकाच्या दुसऱ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. आपल्याकडेही 2021 मध्ये लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या कायम नेमणुकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच धर्तीवर अप्रत्यक्ष भेदभाव मान्य केला, त्यामुळे हे निव्वळ अमेरिकन खूळ आहे असं म्हणून सुटका नाही.

‘काळे-गोरे कुठे आहेत’ हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर जपून द्यावं लागतं. वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार 1965 चा, भारताने तो 1968 मध्ये स्वीकारला. त्याच्या व्याख्येत वंश आणि रंगाबरोबर कूळ, म्हणजे जन्माने मिळालेली ओळख, हाही शब्द आहे. आणि ‘उद्देश किंवा परिणाम’ असे दोन्ही शब्द आहेत. या ‘किंवा’त तुमचा अख्खा प्रश्न बसतो: उद्देशाचा भेद पहिल्या खान्यात, परिणामाचा दुसऱ्या. ‘कूळ’ या शब्दात जात येते, असं संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2002 मध्ये म्हटलं. भारत सरकारला ते मान्य नाही. म्हणून प्रश्नावलीत ‘जात म्हणजेच वंश’ असलं काही लिहू नका. जातीचं मूळ, तिचा इतिहास, तिच्यावरचे कायदे वेगळे आहेत. पण यंत्रणा कशी चालते हे बघायचं असेल तर कसोटी तीच लागते. जात, धर्म, प्रांत, भाषा, लिंग यांपैकी ज्यांनुसार खरोखर मोजलं तेवढ्यांची नावं घेऊन ‘यांनुसार आम्ही पाहणी केली’ एवढं लिहा.

आता तुमच्या गेटच्या आत येऊ. अशा कारखान्यांत मी सगळ्यात आधी भरतीची वाट बघतो. हेल्परची जागा निघाली की सुपरवायझर म्हणतो, "कुणी आहे का ओळखीचा? चांगला पोरगा बघा." यात वाईट काय? काहीच नाही, ओळखीचा पोरगा खाडे करत नाही, त्याच्या मागे कुणीतरी जबाबदार असतं. पण मशीन शॉपमध्ये आज जे आहेत त्यांच्या ओळखीची माणसं त्यांच्याच भावकीतली, त्यांच्याच गल्लीतली असणार. तीस वर्षांपूर्वी पहिली वीस माणसं कोणत्या दोन गावांतून आली, त्यावर आजची रांग ठरते. फलकावर जागा लागतच नाही, त्यामुळे बाकीच्यांना ती निघाल्याचंही कळत नाही. नाकारलंच नाही, तर तक्रार कोण करणार?

दुसरी गोष्ट म्हणजे साखळी. एकेक कडी निरुपद्रवी दिसते. एखाद्या पोराला कारखान्याजवळ खोली मिळत नाही, कारण घरमालक आडनाव विचारतो, मग गाव, मग ‘पाहुणे कुठले’. हा घरमालकाचा पूर्वग्रह झाला, तुमचा नव्हे. तो पोरगा गावाकडून ये-जा करतो. सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा शेवटची एसटी गेलेली असते, म्हणून तो सेकंड शिफ्ट टाळतो. सेकंड शिफ्ट नाही म्हणून ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, कमी. बढतीच्या कागदावर ‘तिन्ही शिफ्टला उपलब्ध’ असा रकाना असतो, तिथे त्याला शून्य गुण. पाच वर्षांनी तो हेल्परच असतो आणि त्याच्याबरोबर लागलेला सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, असतो. बढतीच्या कमिटीने फक्त रकाने बघून गुण दिले, जात विचारली नाही, त्यांना ती ठाऊकही नसेल. अमेरिकेतल्या घरांचंही असंच झालं. 1930 च्या दशकात काळ्यांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगवून तिथलं कर्ज धोक्याचं ठरवलं गेलं, 1968 मध्ये कायद्याने घरांच्या बाबतीतला भेदभाव बंद केला, पण ज्या आजोबाला घर घेता आलं नाही त्याच्या नातवाकडे तारण ठेवायलाही घर नाही. आजचा बँक कारकून फक्त तारण बघतो.

तिसरी, आपल्या भागात हमखास सापडणारी अट म्हणजे पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे मागोमाग आले आणि संशयाची नजर राहिली. चोरी झाली की पारधी वस्तीवर आधी जीप जाते. त्या वस्तीतल्या पोराचं नाव कुठल्यातरी चौकशीत आलेलं असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, त्याने काही केलेलं नसलं तरी. तुमचा फॉर्म ‘पोलिसांनी कधी चौकशी केली आहे का’ असं विचारत असेल, तर तो सगळ्यांना सारखाच आणि तरीही असमान आहे. ‘न्यायालयात गुन्हा शाबीत झाला आहे का, आणि तो या कामाशी संबंधित आहे का’ एवढंच विचारा. स्टोअरकीपरला चोरीबद्दल विचारणं समजू शकतं. मोल्डिंगच्या हेल्परला कशाला?

मोजायचं कसं, हा मुख्य भाग. मागच्या तीन वर्षांचे अर्ज एकत्र घ्या, एका वर्षाचे नकोत. छोट्या आकड्यांत फसगत होते: एका गटाचे आठच अर्ज असतील तर एक माणूस इकडचा तिकडे झाला की साडेबारा टक्के हलतात. मग प्रत्येक टप्प्याला वेगळी चाळण लावा. समजा अ गटाचे 80 अर्ज आले, 60 जणांना मुलाखतीला बोलावलं, 32 घेतले. ब गटाचे 50 अर्ज, 18 मुलाखती, 12 घेतले. एकूण निवड अ ची 40 टक्के, ब ची 24. 24 भागिले 40 म्हणजे 0.6. अमेरिकेत 1978 पासून ठोकताळा असा, की हे गुणोत्तर 0.8 च्या खाली गेलं तर कारण शोधायचं. ते गुन्ह्याचा पुरावा नव्हे, नुसता दिवा लागतो.

इथे थांबलात तर चूक कराल. सगळे म्हणतील, मुलाखत घेणारे पक्षपाती आहेत, त्यांना ट्रेनिंग द्या. पण टप्पे बघा. मुलाखतीतून निवड: अ चे 60 पैकी 32, म्हणजे 53 टक्के; ब चे 18 पैकी 12, म्हणजे 67 टक्के. मुलाखतीत ब गट पुढेच आहे! गळती त्याआधी झाली: अर्जावरून मुलाखतीला अ चे 75 टक्के गेले आणि ब चे 36. आता तिथे कोणती चाळण आहे ते शोधा. बहुतेक वेळा ‘आयटीआय आवश्यक’, ‘कंपनीतल्या कुणाचा तरी संदर्भ’ किंवा ‘दहा किलोमीटरच्या आत राहणारा’ यांपैकी काहीतरी निघतं. मग ड्यूक पॉवरचा प्रश्न विचारा: ही अट न पुरवणारा कुणी आज हेच काम करतोय का, आणि नीट करतोय का? करत असेल तर अट काढा. तिच्या जागी कामाचीच चाचणी ठेवा, ड्रॉइंग वाचणं, व्हर्निअरने पाच मापं घेणं, जॉब सेट करणं, अर्ध्या तासात होते.

गट ओळखायचे कसे, इथे बहुतेकांचा पाय घसरतो. आडनावावरून जात लावू नका. पवार, जाधव, चव्हाण, भोसले, काळे ही आडनावं आपल्याकडे किती जातींत आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. पवार मराठाही असतो आणि पारधीही. शिवाय आडनावावरून अंदाज बांधणं हीच तर पूर्वग्रहाची पहिली पायरी. तोंडी विचारणंही टाळा. अर्जाबरोबर वेगळी, ऐच्छिक चिठ्ठी द्या: अर्ज क्रमांक, प्रवर्गाचे चौकोन, आणि ‘सांगायचं नाही’ असा एक चौकोन. नाव नको. ही चिठ्ठी मुलाखत घेणाऱ्यांच्या हातात कधीच जाता कामा नये, भरतीत नसलेल्या माणसाकडे ठेवा. आणि एखाद्या विभागात एका प्रवर्गाची दहापेक्षा कमी माणसं असतील तर तो आकडा अहवालात वेगळा छापू नका, ती माणसं ओळखू येतात. ‘सांगायचं नाही’वाले फार निघाले तर लोकांचा तुमच्यावर भरवसा नाही असं समजा आणि जुन्या अर्जांतून तालुका, भाषा, भरतीची वाट एवढंच मोजून सुरुवात करा. मागच्या तीन वर्षांसाठी तसंही तेवढंच हाती लागेल.

सगळ्यात मोठं भोक ठेकेदाराचं. कायम कामगारांचा तक्ता सुंदर दिसतो, कारण फेटलिंग (कास्टिंगच्या कडा घासणं), शेकआउट (साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणं) आणि साफसफाई ठेकेदाराकडे असते. धूळ कोण खातो, मशीन कोण चालवतो, संडास कोण धुतो आणि कुणाला किती रोज मिळतो, हे एकाच तक्त्यात मांडा. ड्यूक पॉवरचा लेबर विभाग तुमच्याकडे ठेकेदाराच्या मस्टरवर असेल. तो सोडून केलेल्या मोजणीला काही अर्थ नाही, माझं तरी हेच मत आहे.

उपाय करताना औषध अदलाबदल होतं, ते सांभाळा. नियमात दोष असताना ‘संवेदनशीलता प्रशिक्षण’ ठेवलं तर दोन तास चहा-बिस्किटं होतात आणि चाळण तशीच राहते. उलटही खरं. नियम स्वच्छ केले म्हणून सुपरवायझरचं तोंड स्वच्छ होत नाही. अमेरिकेत बॉस्टन आणि शिकागोत एकसारखेच बायोडेटा नुसती नावं बदलून पाठवले होते, 2004 मध्ये ते प्रसिद्ध झालं. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे 50 टक्के जास्त बोलावणी आली. तिथे नियमाचा दोष नव्हता, वाचणाऱ्याच्या नजरेचा होता. त्याला उपाय म्हणजे पहिल्या छाननीत नाव-गाव झाकणं, मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारणं, आणि ‘पाहुणे कुठले’ हा प्रश्न कायमचा बंद करणं. जातीवरून कुणी अपमान केला तर मात्र समज देऊन मिटवू नका, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांसाठी तिथे 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

नियमाच्या बाजूने तुम्हाला लगेच करता येण्यासारखं: जागा निघाली की गेटवर, आयटीआयत, समाजकल्याणच्या वसतिगृहात आणि आसपासच्या ग्रामपंचायतींत किमान पंधरा दिवस फलक. ओळखीचे अर्ज बंद करू नका, कामगार चिडतील आणि चोरून तेच चालू राहील. फक्त तेही त्याच फलकावरून, त्याच चाचणीतून येऊ द्या. सेकंड शिफ्टला एक गाडी. बढतीच्या कागदावरून ‘तिन्ही शिफ्ट’चा रकाना काढा, किंवा ज्या मशीनला खरंच लागतो तिथेच ठेवा. किती फरक पडेल ते तुमच्या आकारावर आहे. पन्नास माणसांच्या फाउंड्रीत वर्षाला चार जागा निघतात, तिथे दोन-तीन वर्षं तक्ता हलणारच नाही.

प्रश्नावलीत पहिल्याखाली: तक्रारीची पद्धत काय, पेटी कुठे, गेल्या वर्षी किती आल्या. दुसऱ्याखाली: अमुक तीन वर्षांचे अर्ज तपासले, ठेकेदाराची माणसं धरून, अमुक टप्प्यावर गुणोत्तर इतकं आलं, अमुक अट काढली, पुढची मोजणी अमुक महिन्यात. 0.6 आलं असेल तर 0.6 च लिहा. गुळगुळीत ‘नाही’पेक्षा ऑडिटरला ते पटतं, आणि पुढच्या वर्षी 0.7 दाखवायला जागा राहते.

ठेकेदाराकडून मस्टर मात्र आजच मागवा. ‘उद्या देतो’ म्हणत ते पंधरा दिवस घालवतात.